३८ स्लाइड, एक बल्ब

पत्राचा सारांश: पत्रलेखिका बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या घाटाकडच्या भागात, एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत तिची १६ आठवड्यांची इंटर्नशिप चालू आहे. तंत्रज्ञान वापरून घ्यायच्या चार पाठांपैकी पहिला पाठ सातवीला होता, विषय विजेचा. चार रात्री जागून तिने ३८ स्लाइड केल्या, मराठी मजकूर बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतला. शाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेला टीव्ही आहे, लॅपटॉप मैत्रिणीकडून आणला. जोडाजोडीत १२ मिनिटं गेली, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, मुलं पडद्यावरचं वहीत उतरवत बसली आणि शेवटाकडे लाइट गेली. निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी शेरा लिहिला, 'साधन वापरले, अध्ययन दिसले नाही.' मुख्याध्यापक म्हणाले, 'बाई, हातात खडू घ्या.' बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या शाळेत स्मार्टबोर्डवर शिकवणाऱ्या मैत्रिणीने ५० वेब टूलची यादी पाठवली आहे. आता हप्त्यावर लॅपटॉप घ्यावा, यादी पाठ करावी, की आमच्याकडच्या शाळांत हे जमणारच नाही असं समजून सोडून द्यावं, असा तिचा प्रश्न आहे. पुढचा पाठ दहा दिवसांवर आहे.

प्रिय ताई,

आधी एक हिशेब करू. तास ४० मिनिटांचा. १२ मिनिटं जोडणीत गेली, उरली २८. त्यात ३८ स्लाइड म्हणजे एका स्लाइडला जेमतेम ४४ सेकंद. लाइट शेवटपर्यंत राहिली असती, अक्षरं स्वच्छ दिसली असती, तरी या ४४ सेकंदांत सातवीच्या मुलाने वाचायचं कधी, विचार कधी करायचा आणि तुम्हाला विचारायचं कधी? उतरवून घेणं एवढंच त्याच्या हातात होतं, ते त्याने इमानेइतबारे केलं.

म्हणून टीव्हीला आणि गेलेल्या लाइटीला दोष देण्याआधी तुमच्या पत्रातलं एक गृहीतक तपासायला हवं. तंत्रज्ञान म्हणजे दाखवायचं साधन, असं तुम्ही धरून चालला आहात. बी.एड.च्या वर्गांत बहुतेक जण तसंच धरतात, कारण आयसीटीच्या, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या, प्रात्यक्षिकात स्लाइड करायला शिकवतात आणि गुण स्लाइडना मिळतात. पण वर्गात बाईंना सर्वांत कमी काय मिळतं? मुलाच्या डोक्यात या क्षणी काय चाललंय, त्याचा पत्ता. फळ्यावरून दाखवता भरपूर येतं. तुमच्या वर्गातल्या २८ मुलांपैकी किती जणांचं काय चुकतंय, हे दोन मिनिटांत कळणं मात्र अवघड असतं. फोन आणि वेब टूल खरी कामाला येतात ती तिथे. 'अध्ययन दिसले नाही' या शेऱ्याने तुम्ही दुखावल्या आहात, पण तो शेरा नीट वाचा. अध्ययन दिसावं अशी सोयच त्या पाठात नव्हती, एवढंच ते सांगतायत.

तुमच्या अभ्यासक्रमात टीपॅक येतं, म्हणजे आशय, अध्यापन पद्धती आणि तंत्रज्ञान यांची सांगड. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली ती चौकट परीक्षेत तीन वर्तुळं काढून संपते, पण पाठाच्या तयारीत तिचा उपयोग साधा आहे. आशयात मूल नेमकं कुठे अडतं ते आधी शोधायचं, मग ते कसं सोडवायचं ते ठरवायचं आणि मग यात यंत्राची गरज आहे का, असली तर कुठल्या मिनिटाला, हे बघायचं. तुम्ही यंत्रापासून सुरुवात केली होती.

तुमचाच विजेचा धडा घेऊ. यात मुलं अडतात ती जागा ठरलेली आहे. बल्ब पेटायला एक वायर पुरते, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाटणारच, कारण घरात बोर्डापासून बल्बापर्यंत एकच वायर लोंबताना दिसते, तिच्या पोटातल्या दोन तारा दिसत नाहीत. दुसरी अडचण अशी की वीज बल्बात 'संपते' आणि परतीच्या तारेत काही नसतं, अशी समजूत. पहिली अडचण हातांनी सुटते. दुसरीसाठी पडदा लागतो, कारण तारेतून वाहणारं कुणालाच दिसत नाही. पडद्याची गरज पाठात एवढीच आहे, साधारण आठ मिनिटं.

पाठ असा मांडता येईल. सुरुवातीला फळ्यावर खडूने चार चित्रं काढा: एकात सेलच्या प्लसपासून बल्बाच्या टोकाला एकच वायर; दुसऱ्यात दोन वायरी, पण दोन्ही प्लसपासूनच; तिसऱ्यात सेलच्या दोन टोकांपासून दोन वायरी, पण दोन्ही बल्बाच्या टोकालाच; आणि चौथ्यात सेलच्या दोन टोकांपासून दोन वायरी, एक बल्बाच्या टोकाला, एक बाजूच्या धातूला. कुठला बल्ब पेटेल? मुलांनी आधी वहीत लिहायचं, बोलायचं नाही. मग उत्तरं गोळा करायची, आणि इथे पहिलं टूल येतं, प्लिकर्स. यात मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाकडे एक छापील कार्ड असतं, त्यावर काळा चौकोनी नक्षीसारखा आकार, चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड मुलाने धरायचं, तुम्ही ॲप उघडून फोनचा कॅमेरा वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवायचा. कुणाचं काय उत्तर ते फोनवर उमटतं. ४० कार्डांचा संच मोफत उतरवता येतो.

कार्डांत चुका कुठे होतात तेही लक्षात ठेवा. हौसेने लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. जाड साध्या कागदावर काळी स्वच्छ प्रिंट पुरते. बोट नक्षीवर आलं तरी कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेला धरायची सवय एकदा करून घ्या. मुलांची नावं ॲपमध्ये भरू नका, हजेरी क्रमांक टाका आणि कार्डाचा क्रमांक तोच ठेवा, म्हणजे वाटपात वेळ जात नाही. तुमच्या फोनला मात्र नेट लागतं. घाटाकडच्या गावात वर्गात रेंज नसेल तर हट्ट धरू नका. त्याच कार्डांच्या मागे चार रंग लावून ठेवा, मुलांनी रंग दाखवायचा, तुम्ही मोजून फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहायचे. माहिती तीच मिळते, फक्त कुणाचं काय ते लक्षात ठेवावं लागतं.

यानंतर बल्ब. चौघांचा गट धरला तर २८ मुलांना सात संच: सात सेल, सात बल्ब, प्रत्येक गटाला साधारण १५ सेंटिमीटरच्या वायरीचे दोन तुकडे, दोन्ही टोकांचं प्लॅस्टिक दोन सेंटिमीटर सोललेलं. आधी प्रत्येक गटाला वायर एकच द्या आणि सांगा, पेटवून दाखवा. जमतं ते. बल्बाचं टोक थेट सेलच्या एका टोकावर टेकवायचं आणि सेलच्या दुसऱ्या टोकापासून वायर बल्बाच्या बाजूच्या धातूला लावायची. ते सापडायला मुलांना पाच-सात मिनिटं लागतात आणि मंडल, म्हणजे विजेची जायची-यायची वाट, पूर्ण व्हायला दोन जागी स्पर्श लागतो, हे तोंडाने न सांगता कळतं. एका वायरवाल्यांचं पहिलं उत्तर इथेच तपासलं जातं: वायर एकच होती, पण वाट मात्र दोन बाजूंनी जोडावी लागली. मग दुसरी वायर द्या.

इथे बाजारातली एक अडचण येते. टॉर्च आता एलईडीच्या झाल्या, दुकानदार एलईडीच काढून देतो. पांढरी एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाही, तिला साधारण तीन व्होल्ट लागतात, आणि उलटी जोडली तर मुळीच पेटत नाही. सातवीच्या पहिल्या प्रयोगाला ती घेतली तर मुलं चुकीच्या कारणाने गोंधळतात. तारेचा जुना टॉर्च बल्ब मागून घ्या आणि दुकानातच सेलवर लावून बघा. वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट लावून धरू नका, तापते, हे मुलांना आधी सांगा. आणि घरच्या बोर्डाला यातलं काही लावायचं नाही, हेही.

आता टीव्हीची आठ मिनिटं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प २००२ पासून विज्ञान-गणिताची सिम्युलेशन मोफत देतो, त्यातल्या अनेकांचं मराठी भाषांतर झालेलं आहे. विद्युत मंडल जोडण्याचं सिम्युलेशन मराठी पानावरून डाउनलोड केलं की एकच फाइल मिळते, ती नंतर नेटशिवाय चालते. लॅपटॉपवर ती क्रोममध्ये उघडते. फोनवर उघडताना कशात उघडू असं विचारलं तर क्रोमच निवडा, फोनमधल्या साध्या व्ह्यूअरमध्ये कोरं पान दिसू शकतं. एक गोष्ट आधी घरी बघून ठेवा. यात तारेतून निळे गोळे सरकतात, ते इलेक्ट्रॉन, आणि ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात. पुस्तकातला बाण उलट, धनाकडून ऋणाकडे असतो. हुशार मूल हे पकडतंच आणि तयारी नसेल तर बाई गडबडतात. बाजूच्या चौकटीत इलेक्ट्रॉन की पारंपरिक प्रवाह असा पर्याय आहे, पारंपरिक निवडला की बाण पुस्तकासारखा होतो. सातवीला आधी पारंपरिक दाखवा, इलेक्ट्रॉनचा प्रश्न कुणी विचारलाच तर मग तो पर्याय बदला.

पडदा चालू असताना एकच प्रश्न विचारा: बल्बाच्या आधीच्या तारेत आणि नंतरच्या तारेत बाण सारख्याच वेगाने सरकतायत का? मुलांना बघू द्या, वाद घालू द्या. मग टीव्ही बंद करा. बंद करणं महत्त्वाचं आहे, चालू पडद्यासमोर मुलं बाईंकडे बघत नाहीत.

शेवटी तोच सुरुवातीचा प्रश्न, तीच कार्डं. आधी एका वायरला किती हात होते आणि आता किती, हे दोन आकडे पाठ टिपणात लिहा. निरीक्षकांच्या शेऱ्याला एवढं उत्तर पुरेसं आहे. आकडा फारसा हलला नाही, तरी लिहा. कुठली मुलं अजून अडली आहेत हे ज्या बाईंना कळलं, त्यांचा पाठ वाया गेलेला नसतो.

हे सगळं करायला स्लाइड लागल्याच, तर सहा-आठ पुरेत. अक्षर ३२ आकाराच्या खाली नको, वर्गातली मागची बाकं लक्षात घ्या.

आता त्या अक्षरांच्या खिचडीकडे. डीटीपीच्या दुकानांत अजूनही जुने फॉन्ट चालतात. त्यांत दिसायला मराठी असतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नसेल तिथे मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच झालं. कन्नडमधल्या जुन्या नुडी फॉन्टच्या फाइलींचंही असंच होतं, शाळेत कुणाला विचारा. उपाय एकच, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत, टाइप करणं. फोनवरच्या जीबोर्ड कीबोर्डवर तुम्ही व्हॉट्सॲपला जे मराठी टाइप करता ते युनिकोडच आहे, त्यामुळे मजकूर फोनवर टाइप करून स्वतःलाच पाठवला तरी काम होतं. दुकानातला जुना मजकूर कन्व्हर्टरमधून बदलून घेता येतो, पण मग 'दऱ्या', 'सूर्य', 'विद्युत' असले शब्द एकेक करून तपासा, जोडाक्षरं तिथेच मोडतात.

लॅपटॉपसाठी हप्ता बांधून घेऊ नका. या चार पाठांसाठी तो विकत घ्यावा लागत नाही. स्लाइड फोनवर कॅनव्हा ॲपमध्ये करा, जेपीजी चित्रं म्हणून उतरवा, पेन ड्राइव्हवर टाका आणि पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावा. टीव्हीला पीपीटीची फाइल सहसा उघडता येत नाही, चित्रं उघडतात. यात एक बारीक खोच आहे. फाइलींची नावं १, २, ३ अशी राहिली तर बरेच टीव्ही १ नंतर १० आणि मग २ दाखवतात, कारण ते अंक न मोजता अक्षरांसारखे लावतात. नावं ०१, ०२, ०३ अशी द्या. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, तो जवळपास सगळ्या टीव्हींना चालतो. व्हिडिओ असेल तर एमपी४.

सिम्युलेशनसाठी मात्र मैत्रिणीचा लॅपटॉप टीव्हीला जोडावा लागेल, किंवा फोनचा पडदा टीव्हीवर घ्यावा लागेल. लॅपटॉप जोडायचा तर एचडीएमआय केबल किमान तीन मीटरची घ्या, म्हणजे टीव्हीखाली उकिडवं बसून पाठ घ्यावा लागत नाही. टीव्हीचा सोर्स त्याच क्रमांकाच्या पोर्टवर लावा, मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. तुमची १२ मिनिटं बहुधा याच दोन पायऱ्यांत गेली असतील. जुना प्रोजेक्टर असलेल्या शाळेत व्हीजीए लागतो, तिथे कन्व्हर्टर हवा, आणि व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याची वेगळी वायर लागते. फोन केबलने टीव्हीला जोडायची जाहिरात बघून हजार रुपये घालवू नका. स्वस्त फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही, तुमच्या मॉडेलला ती सोय आहे का ते आधी बघा. वायरशिवाय कास्ट करायचं तर बहुतेक टीव्हींना फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात. एका फोनचा हॉटस्पॉट लावा आणि दुसऱ्या फोनवरून कास्ट करा, एकाच फोनवरून दोन्ही केलं की बऱ्याचदा अडतं.

त्या ५० टूलच्या यादीबद्दल. तुमच्या मैत्रिणीने मायेने पाठवली आहे, पण ती तिच्या शाळेची यादी आहे. काहूटसारख्या खेळाला मुलांच्या हातात फोन किंवा संगणक लागतो, पॅडलेट या ऑनलाइन फळ्यावर मुलांना स्वतः लिहायचं तर त्यांनाही लागतो. तुमच्या वर्गात त्यांची जागा नाही, आणि त्यात तुमचं काही उणं नाही. या वर्षी तीनच नीट शिका: उत्तरं गोळा करायला कार्डं, न दिसणारं दाखवायला फेट (गणिताचे पाठ असतील तर जिओजेब्रा), आणि गूगल फॉर्म. फॉर्म वर्गात वापरू नका. पालकांचा फोन दिवसभर शेतात किंवा कामावर असतो, संध्याकाळी घरी येतो, म्हणून मुदत दोन दिवसांची ठेवा आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना तेच प्रश्न कागदावर द्या, गुण सारखेच. मराठीत लिहायच्या उत्तरांना आपोआप गुण देऊ नका. 'वीज' ऐवजी 'विज' लिहिलं की फॉर्म चूक धरतो, आणि मूल समजून बसतं की आपल्याला विज्ञान येत नाही. पर्याय असलेले प्रश्न ठेवा, किंवा चालतील अशी सगळी शुद्धलेखनं उत्तरांत भरून ठेवा. फाइल जोडायचा प्रश्न टाकला तर गूगल खातं लागतं, तोही टाळा.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. यूट्यूबवर मराठीतून शिकवलेलं भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं बालभारतीच्या पुस्तकांवर, महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर असतं. आपली मुलं कर्नाटकचं मराठी पुस्तक वाचतात. तुमच्या पुस्तकात 'मंडल' असेल आणि व्हिडिओत 'परिपथ' आला, तर मुलाला ती दोन वेगळी प्रकरणं वाटतात. व्हिडिओ लावण्याआधी पूर्ण बघा, वेगळे शब्द टिपा आणि फळ्याच्या एका बाजूला मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही शब्द लिहून ठेवा, पुढच्या शिक्षणात त्यांना तिन्ही भेटणारच आहेत. कन्नड शब्द भाषांतराच्या ॲपवर विसंबून लिहू नका, शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांना एकदा दाखवा. सरकारच्या दीक्षा ॲपवर शोधताना बोर्ड कर्नाटक आहे ना ते तपासा, पुस्तकातला क्यूआर कोड त्याच ॲपने स्कॅन होतो, आणि जे सापडेल ते घरी रेंज असताना डाउनलोड करून ठेवा. एआयकडून पाठ टिपण करून घेतलं तर तेही असंच तपासा, ते कुठल्या राज्याचं पुस्तक धरून लिहितंय ते स्वतःहून सांगत नाही.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. इंटर्नशिपमध्ये हा मोह होतो. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती हवी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. अहवालाला फोटो लागतीलच, तर पाठमोरी मुलं आणि हातातला प्रयोग घ्या, आणि मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

मुख्याध्यापकांविषयी तुमच्या मनात थोडी कटुता आलेली दिसते. त्यांचं बोलणं तुम्ही नकार म्हणून ऐकलंत. पण त्यांनी एक तास वाया गेलेला पाहिला होता आणि सातवीचा धडा त्यांना पुढे न्यायचा आहे. पुढच्या वेळी पाठ टिपण घेऊन आधी त्यांच्याकडे जा, टीव्ही फक्त आठ मिनिटं लागेल, लाइट गेली तर हे तक्ते आहेत, असं सांगा. घाटाकडच्या पावसात लाइट जाणार हे धरूनच तयारी करायची. सिम्युलेशनमधली दोन चित्रं, प्रवाह बल्बाच्या आधीचा आणि नंतरचा, ड्रॉइंग पेपरवर मोठी काढून ठेवा. टिपणात 'वीज नसल्यास' असा वेगळा रकाना करा. निरीक्षकही तो वाचतात.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबा. टीव्हीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा आणि सगळं एकदा जोडून, मागच्या बाकावर बसून बघा. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर बाकं फिरवावी लागतील. रिमोट चालतोय का तेही बघा, कपाटात पडून राहिलेल्या रिमोटचे सेल बहुधा उतरलेले असतात. रिमोटला बारीक सेल लागतात, बल्बाच्या प्रयोगाला मोठे, तेव्हा दुकानात जाल तेव्हा दोन्ही घेऊन या.